पाइंटावरची बाई

वडगाव निंबाळकरच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या पलीकडे, एक बोडकी टेकडी आहे. तिला नाव नव्हतं. मेंढरं चढायची, उतरायची, नाव ठेवण्यासारखं तिथे काही घडत नव्हतं. मग गावचे बडे बागायतदार आप्पासाहेब यांचा मुलगा मोहनराव मुंबईला चित्रकला शिकून आणि वर दोन वर्षं विलायतेत काढून परत आला, आणि त्याला त्या टेकडीवरून देखावा दिसला. आम्हाला तिथून कालवा दिसायचा, ऊस दिसायचा, गुऱ्हाळांचा धूर दिसायचा, लांब खाली नीरेची झाडी दिसायची. देखावा काही इतक्या वर्षांत दिसला नव्हता. महाबळेश्वरला असतो तसा इथे एक पॉइंट करायचा, असं त्याने ठरवलं. पायऱ्या झाल्या, बसायला ओटा झाला, आणि लोक त्या टेकडीला पाइंट म्हणायला लागले.

ओट्याभोवती त्याला दगडाच्या मूर्ती मांडायच्या होत्या. देवाच्या नव्हे, नव्या तऱ्हेच्या. त्यासाठी दगड जाणणारा माणूस हवा होता, म्हणून त्याने मला बोलावलं.

मी गेणबा. आमची जात धनगराची, पण माझ्या आज्याची मेंढरं एका दुष्काळात मेली आणि बाप धरणाच्या कामावर वडारांच्या हाताखाली दगड फोडायला गेला. तेव्हापासून आमच्या घरातली काठी गेली आणि टाकी आली. पाटे-वरवंटे घडवायचे आणि गावोगाव फिरून झिजलेल्या जात्यांना टाकी लावायची, हा माझा धंदा. जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरतो, दळला जात नाही. मग त्याचा वरचा दगड उलटा करून त्याला बारीक टोचे मारत बसावं लागतं. त्या निमित्ताने कोऱ्हाळ्यापासून डाळजपर्यंत शेकडो घरांच्या पडव्यांत मी बसलो आहे. बायका समोर वावरतात, बोलतात, मी मान खाली घालून ठोकत असतो. मी तिथे आहे हे त्या विसरतात.

मोहनरावाच्या पहिल्या तीन मूर्तींचं मला हसूच यायचं. एक होतं 'बीज'. मी त्याला वरवंटा म्हणायचो, कारण तो वरवंटाच होता, फक्त पाटा नव्हता. एक बैल होता, त्याला पाय नव्हते. आप्पासाहेबांचा गडी बघायला आला आणि म्हणाला, "ह्याला जुपायचा कसा?" मोहनराव त्यावर पोट धरून हसला. माणूस मोकळा होता. माझ्याबरोबर बसून भाकरी खायचा, हे मला आज सांगायला आवडत नाही, पण खरं आहे.

चौथी मूर्ती बाईची करायची होती.

माझी धाकटी बहीण बानू त्या वर्षी माहेरी होती. तिचा नवरा तात्याबा डाळजचा, चांगला दोनशे मेंढरांचा धनी. तिला हिवतापाने धरलं होतं, अशा अवस्थेत मेंढरांमागे फिरवणं बरं नाही म्हणून त्यानेच आणून सोडलं होतं. ताप उतरला आणि ती माझी भाकरी घेऊन पाइंटावर यायला लागली. एक दिवस ती ओट्यावर गुडघा उभा करून, त्यावर हात टेकून बसली होती. मोहनरावाने कागद काढला. ती लाजून उठायला लागली, तर मीच म्हणालो, "बस गं जरा. धाकलं मालक चित्र काढत्यात." ती बसली. अंगभर लुगडं, डोक्यावर पदर. तीन दिवस तो काढत होता.

बानूच्या उजव्या हातावर विंचू गोंदलेला आहे. लहानपणी जेजुरीच्या जत्रेत गोंदवताना तिने हात झटकला आणि विंचवाची नांगी वर जायच्या ऐवजी आडवी गेली, पार मनगटाच्या हाडापर्यंत. गावातल्या पोरी तिला त्यावरून चिडवायच्या. तसा आडव्या नांगीचा विंचू अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या हातावर नाही.

मूर्तीचा ओबडधोबड आकार मी काढून दिला, आणि पंधरा दिवस टाकीच्या कामासाठी बारामतीकडे गेलो. परत आलो तर बाई तयार होती. तिला तोंड नव्हतं. डोक्याच्या जागी गुळगुळीत गोळा होता. अंगावर चिंधी नव्हती. गुडघा उभा, त्यावर हात, आणि हातावर विंचू. आडव्या नांगीचा.

मी बघत उभा राहिलो. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर काम चांगलं झालं आहे असं वाटलं. मग कानशिलं तापली.

माझ्याआधी गावातल्या बायकांनी ते पाहिलं होतं. सरपणाला गेलेल्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून पाइंटावर जायच्या आणि तोंडाला पदर लावून परतायच्या. बाजारातून ती गोष्ट डाळजला पोचायला आठ दिवस लागले. तात्याबा स्वतः आला नाही. त्याचा चुलता आबाजी आला, पाण्याच्या तांब्याला हात न लावता अंगणात उभा राहिला.

"गेणबा, आमच्या सुनेला आमी वाईट म्हणत न्हाय," तो म्हणाला. "पर तिचं उघडं अंग टेकडीवर मांडलंय, आन येणारा-जाणारा बघतोय. जवर त्यो दगुड तितं हाय, तवर तिनं डाळजचा उंबरा चढायचा न्हाय. तात्याबाचा निरोप हाय."

"तिनं काय केलं, आबाजी?"

"म्या कुठं म्हणतोय केलं म्हनून? दगुड काढा आन पाठवा."

बानू दाराआड उभी होती. ती रडली नाही. तिने चोळीची बाही ओढून मनगटापर्यंत आणायचा प्रयत्न केला, बाही आखूड होती. त्या दिवसापासून ती कालव्यावर धुणं धुवायला गेली नाही.

मी मोहनरावाकडे गेलो. त्याने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"अरे गेणबा, ती बानू नाहीच मुळी," तो म्हणाला. "तिला चेहरा तरी आहे का? ती कुणीच नाही. ती स्त्री आहे, नुसती स्त्री."

"मंग विंचू कुणाचा?"

"ती नक्षी आहे. इतकी सुंदर नक्षी मी विलायतेतसुद्धा पाहिली नाही. हात कसा जिवंत झाला बघ त्याने!"

त्याला खरंच कळत नव्हतं. गोंदण म्हणजे त्याच्या लेखी वेलबुट्टी. चेहरा खोडला म्हणजे माणूस खोडलं, असं तो समजत होता. आमच्याकडे परक्यासमोर बाईचा चेहरा पदराआडच असतो. पाण्यात धुणं आपटताना, भाकऱ्या थापताना, दळताना दिसतो तो हात, आणि हातावरून बाई ओळखली जाते. हे त्याला मी समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की पुण्याचे पाहुणे मूर्ती बघायला येणार आहेत, ते येऊन जाऊ देत, मग बघू.

मग मी आप्पासाहेबांकडे गेलो. चावडीसमोर पाच-दहा माणसांत बसले होते. मी पायाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकलं आणि हसले.

"दगडाला कसली आलीय रं अब्रू?" ते म्हणाले. चावडीवरची माणसंही हसली.

ते हसू माझ्या डोक्यात बसलं. मोहनराव अजाण होता, त्याला एक वेळ सोडलं असतं. पण आप्पासाहेब इथलेच. त्यांना विंचू म्हणजे काय ते ठाऊक होतं, आणि तरी ते हसले. मी घरी आलो तेव्हा मला दगड काढायचा नव्हता. मला त्यांचं हसू काढायचं होतं.

घण घेऊन मूर्ती फोडायला मला किती वेळ लागला असता? पण मी फोडली असती तर गाव म्हणालं असतं, भावाने बहिणीची मूर्ती फोडली. मूर्ती गेली असती आणि शिक्का बानूवर कायमचा राहिला असता. ती फोडायची तर ज्याच्या घरची बाई त्यानेच फोडायला हवी होती. म्हणजे तिला त्यांच्या घरची करायला हवी होती.

आप्पासाहेबांच्या घरचं जातं त्या महिन्यात टाकीला आलंच होतं. नसतं आलं तरी मी गेलो असतो. पडवीत बसलो. आप्पासाहेबांची बायको, छबूबाई, मोहनरावाची आई, सगळं गाव तिला काकी म्हणतं. तिने मला बसायला पोतं दिलं.

"बानू कशी हाय रं?" तिने विचारलं.

"हाय."

"म्या मोहनला बोलले बरं का. म्हनलं, लोकाच्या लेकीचा संसार हाय त्यो. ऐकत न्हाय. त्येच्या बापाला बोलले, तर मलाच गप बस म्हनले." तिने ताक ओतायला तांब्या उचलला. "तू भाकरी खाऊन जा. बानूला बी कालवण दे नेऊन, ताप आलेलं अंग हाय."

तिने ताक ओतलं आणि मी तिचा हात पाहिला. मनगटाच्या वर तुळशीचं वृंदावन, त्याच्या एका बाजूला राघू, दुसऱ्या बाजूला मैना, पण दोघं एकमेकांकडे पाठ करून. गोंदणारणीने हात उलटा धरला होता म्हणे. नवरा-बायको भांडलेली, असं म्हणून गावातल्या साऱ्या बायका काकीची चेष्टा करायच्या आणि तीही हसायची. राघूच्या शेपटीला तीन रेघा. मैनेच्या पायाखाली पाच ठिपके, त्यातला एक पुसट. मी भाकरी सावकाश खाल्ली. दोनदा ताक मागून घेतलं. तिने दोन्ही वेळा ओतलं.

पुण्याचे पाहुणे येणार त्याच्या आठ दिवस आधी मोहनरावाने मला निरोप धाडला, मूर्तींना शेवटची घासणी करून गोणपाट गुंडाळून ठेव. तो स्वतः पाहुण्यांच्या तयारीला पुण्याला गेला. मी काही चोरून केलं नाही. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, पाइंटावर बसून ठोकत होतो. लोकांना वाटलं, गेणबा घासतोय. मी विंचवासकट हातावरचा दगड दोराच्या जाडीएवढा उतरवला, हात सारखा केला, आणि त्यावर वृंदावन काढलं. राघू काढला. मैना काढली. पुसट ठिपका पुसटच ठेवला. दीड दिवस लागला. इतकं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नाही, आणि करताना मला जो आनंद होत होता तोही कधी झाला नाही. मग ओलं गोणपाट गुंडाळलं आणि सुतळीने बांधून टाकलं.

पाहुणे दोन मोटारींतून आले. साहेबी टोप्यांचे चार जण, दोन बाया, बारामतीचे मामलेदार. आप्पासाहेब जरीचा पटका बांधून पुढे. छबूकाकी पायऱ्यांच्या शेवटाला बायकांत उभी, लेकाचं कौतुक बघायला आली होती. सारं गाव चढून आलं होतं. पाहुण्यांनी कालवा पाहिला, ऊस पाहिला, वाहवा केली. वरवंट्याभोवती तर दोनदा फिरले. बैलाला पाय नाहीत हे एका बाईला फारच आवडलं. मग मोहनरावाने स्वतःच्या हाताने चौथ्या मूर्तीची सुतळी कापली.

गोणपाट पडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोहनराव त्यांच्याकडे तोंड करून बोलत होता, त्याने मूर्तीकडे पाहिलंच नाही. "ही विशिष्ट कुणी नाही," तो सांगत होता, "ही या मातीतली कुठलीही स्त्री आहे."

बायका पुढे सरकल्या. विंचू बघायला आलेल्या त्या. तानूबाई सगळ्यांत पुढे होती, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

"अगं बया," ती म्हणाली. "पाठमोरं राघू-मैना."

नाव घ्यायची गरजच नव्हती. बायकांच्या माना एकदम वळल्या. छबूकाकीने मूर्तीच्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचा हात झटकन पदराखाली ओढून घेतला. झालं. ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली.

आप्पासाहेब पुढे झाले, वाकून बघितलं आणि सरळ झाले ते पांढरेफटक. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तो हात रोज पाहिला असेल.

मोहनरावाने आता कुठे पाहिलं. "हे मी नाही केलं!" तो ओरडला. "गेणबाने बदललंय! इथे दुसराच हात होता!"

मी याचीच वाट पाहत होतो. मी पुढे गेलो. "दुसरा कुणाचा हात हुता, मालक? सांगा की, पावणं ऐकत्यात. कुणाच्या लेकीचा हुता?"

बानूचा म्हणावं तर त्याने महिनाभर बोललेलं खोटं पडत होतं. न म्हणावं तर समोर आई होती.

"कुणाचाच नव्हता," तो हळूच म्हणाला.

"मंग आत्ता बी कुणाचाच न्हाय." मी आप्पासाहेबांकडे वळलो, आणि चावडीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "दगडाला कसली आलीय अब्रू, आप्पासाहेब?"

माझा घण तिथेच ओट्याला टेकून ठेवलेला होता. मीच ठेवला होता. आप्पासाहेबांनी तो उचलला. म्हातारा माणूस, पटका सुटून खांद्यावर आलेला, पण पहिल्याच घावात हात उडवला. मग गुडघा, मग धड. पाहुण्या बाया किंचाळून पायऱ्या उतरल्या. मामलेदार पलीकडचा देखावा बघत राहिले. पंधरा-वीस घाव त्यांनी घातले असतील, आणि मी एकेक मोजत होतो. दिवाळीतसुद्धा मी इतका सुखी नव्हतो. तुकड्यांवर बसून ते ढसाढसा रडायला लागले, तेव्हाही मला दया आली नाही. मी घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

मोहनराव त्याच मोटारीतून पुण्याला गेला, तिथून मुंबईला. माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. लावायचा तर कशासाठी लावला हे सांगावं लागलं असतं.

नवव्या दिवशी आबाजी आला. या खेपेला अंगणात थांबला नाही, घरात येऊन बसला, पाणी प्याला. "दगुड गेला," तो म्हणाला. "तात्याबा म्हनतो, कवा बी पाठवा. गाडी घिऊनच आलोय." मी ठरवलं ते करून दाखवलं होतं. मी बानूला हाक मारली.

ती घरात नव्हती. चार दिवस ती दुपारची कुठे जाते ते मी विचारलं नव्हतं. वाट बघून बघून आबाजी ओसरीवर कलंडला, तेव्हा ती आली. हाताला खोबऱ्याचा वास येत होता.

"कुठं हुतीस? गाडी आलीय डाळजची."

"काकीकडं," ती म्हणाली.

"आप्पासाहेबाच्या घरी? तू?"

"काकीनं हातावर बिब्बा लावला, दादा. गोंदन जावं म्हनून. बिब्बा उतला. कोपरापातूर हात सुजलाय, कातडं निघून आलंय. घरातलं कुनी जवळ जात न्हाय, आप्पासाहेब तर तोंड बघत न्हाईत तिचं. म्या खोबरं वाटून लावते." ती माझ्यासमोर खाली बसली. "गोंदन गेलंच न्हाय. कातड्याखाली तसंच हाय."

मी बोललो, कारण बोलायलाच हवं होतं. "त्यांनी तुझं काय केलं हुतं ते आठवतंय का? चावडीवर हसलं हुतं."

"काकी हसली हुती?"

"न्हाय."

"तुझ्या हातात टाकी हुती. विंचू खोडलास. मग तितंच थांबायचं. हात कोरा ठेवला असतास तर दगुड कुनाचाच ऱ्हायला नसता. आबाजीला एकदा टेकडीवर नेऊन दावलं असतंस. काम झालं असतं का न्हाय?"

"आन त्या बाप-लेकाला काय कळलं असतं मग?"

"आता काय कळलं? मोहनराव मुंबईला हाय. म्हातारं रोज चावडीवर बसतंय. हात तेवढा तिचा गेला." ती उठली आणि गाठोडं बांधायला लागली. दोन लुगडी, एक तांब्या. "पाच दिस काकीकडं राहते, आबाजीला सांगते तसं. हात सुकला की डाळजला जाईन. तात्याबाला थांबायचं तर थांबंल." गाठ मारून झाल्यावर तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "भाऊबीजेला न्यायला येऊ नगंस."

ती गेली, खरंच गेली. पाच दिवसांनी आप्पासाहेबांच्याच दारातून डाळजच्या गाडीत बसली. तात्याबा थांबला होता. तिचा संसार शाबूत राहिला, आणि तो मीच राखला असं मी चारचौघांत सांगतो. लोक मानही डोलावतात.

पण त्या दुपारी तिने जे विचारलं त्याचं उत्तर मी तिला दिलं नाही. कोरा हात. तासाभराचं काम होतं ते. मला सुचलं नाही असं सांगून सुटता आलं असतं, आणि तिने ते खरंही मानलं असतं, भोळी आहे ती. पण विंचू उतरवून झाला, हात साफ गुळगुळीत झाला, तेव्हा मी टाकी खाली ठेवून पाणी प्यायलो होतो, आणि त्या कोऱ्या हाताकडे बराच वेळ बघत बसलो होतो. सुचलं होतं.